पाट्टीचा चौथा बोल्ट

पाट्टीचा चौथा बोल्ट डोळ्यांना दिसत नाही. पाट्टी म्हणजे आमच्या कारखान्यातली सगळ्यात जुनी प्रेस. तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात. विलायतेत तिचं तारुण्य गेलं, तिथून भंगारात निघाली आणि आमच्या मालकांनी बोटीतून अंबत्तूरला आणली. दोन हजार चार साली कारखाना ओरगडमला गेला, तेव्हा तीही ट्रेलरवर बसून गेली. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांचे पत्रे ती ठोकते. तिचा ठोकळा सरळ रेषेत वर-खाली व्हावा म्हणून मागे एक पोलादी पट्टी आहे, ती चार ॲलन बोल्टांवर बसते. तीन समोर आहेत, कोणीही आवळावेत. चौथा शाफ्टच्या मागे, चार बोटांच्या फटीत. डावा हात कोपरापर्यंत आत घालायचा, मान वळवून भलतीकडेच बघायचं आणि बोटांनी चाचपून त्याच्या डोक्यातला खळगा शोधायचा. बावीस वर्षं तो बोल्ट माझ्याशिवाय कोणी आवळला नाही. मला त्याचा माज होता. उगाच कशाला खोटं बोलू, भरपूर होता.

ॲलन की तुम्ही पाहिली असेल. सहा कोनांची सळई, काटकोनात वाकवलेली, एक बाजू लांब, एक आखूड. पण अडचणीतल्या बोल्टाला कोणती घालायची, हे पुस्तक वाचून येत नाही. गोल तोंडाची की तिरकी घातली तरी फिरते, म्हणून नवशिके तिच्यावर खूश असतात. ती नुसती भराभर फिरवायला. सुटवायचा पहिला हिसका आणि आवळायचा शेवटचा जोर सरळ तोंडाच्या कीनंच द्यायचा, नाहीतर खळग्याचे कोन झिजलेच म्हणून समजा. घालण्याआधी खळग्यातलं ग्रीस आणि लोखंडाचा कीस सुईनं उकरून काढायचा. की तळाला टेकली का, ते बोटाला कळलं पाहिजे. फटीत मावत नसेल तर आखूड बाजू ग्राइंडरवर आणखी आखूड करायची, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत. घाई केली आणि सळई निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती फेकून द्यायची. अशा कापून घेतलेल्या अकरा की माझ्या पेटीत होत्या. एकेकीला मी एकेक रविवार दिला होता.

मी मूळचा इचलकरंजीचा. तिथल्या मागाच्या कारखान्यात मालकाशी तोंडाला तोंड दिलं आणि पंच्याऐंशी साली बायकोला, जयवंतीला, घेऊन मद्रासला आलो. मला विद्याधर म्हणतात, पण तिकडे सगळे 'तापट' म्हणूनच ओळखायचे. अंबत्तूरच्या या कारखान्यात काम लागलं आणि जवळच्या आवडी गावात खोली शोधत फिरत होतो. एका घरापुढे भर उन्हात आम्हा दोघांचं जुंपलं. जयवंती म्हणाली की तुमच्या या नाकावरच्या रागापायी मी रस्त्यावर आले. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एक काळासावळा गृहस्थ आमच्याकडे बघून मराठीत म्हणाला की भांडण आत येऊन करा, वरची खोली रिकामी आहे. ते गुंडोराव. तंजावरचे मराठी, आवडीच्या सरकारी कचेरीत कारकून. त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं. तमिळच्या हेलात बोलायचे आणि शब्द मात्र पोथीतले. पण त्या माणसानं अनोळखी गावात मला छप्पर दिलं. त्यांची बायको गोदाबाई दर शनिवारी डांगर पच्चडीचं, म्हणजे उडदाचं पीठ घातलेल्या दह्याच्या कोशिंबिरीचं, भांडं वर पाठवायची.

त्यांचा मुलगा विश्वेश तेव्हा तीन वर्षांचा होता. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे तो दिवसाचा निम्मा वेळ आमच्याकडेच. जरा मोठा झाल्यावर मी त्याला एक खेळ शिकवला. डब्यातल्या ॲलन की चटईवर ओतायच्या आणि त्यानं डोळे मिटून, बोटांनी चाचपून मापं सांगायची. चार. सहा. पाच. आठ. पोरगं एकदाही चुकलं नाही. जयवंती म्हणायची, दुसऱ्यांची मुलं खेळण्यांशी खेळतात, तुम्ही याला लोखंड चारताय. त्या डब्यातल्या की सगळ्या मिलिमीटरच्या होत्या. इंचाच्या माझ्या कामावरच्या पेटीत असायच्या, त्या त्याच्या हाताला कधी लागल्या नाहीत. एवढं ध्यानात ठेवा.

विश्वेश इंजिनिअर झाला आणि दोन हजार सहाच्या जुलैत आमच्याच कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागला. शब्द मीच टाकला होता. एक वर्ष प्रोबेशन, मग पक्कं व्हायचं. गुंडोराव आणि गोदाबाई टी. नगरच्या बाजारातल्या गर्दीत तीन तास घालवून जयवंतीसाठी साडी घेऊन आले. नित्या नावाच्या मुलीशी त्याचं ठरत आलं होतं, पण तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं की आधी पक्क्या नोकरीचं पत्र दाखवा, मग तारीख काढू. गुंडोरावांनी जाताना माझा हात धरला. पोराला सांभाळून घ्या, एवढं पत्र हातात पडेपर्यंत तरी, असं म्हणाले. मी म्हटलं, अहो, ते काय सांगायला पाहिजे?

पहिले दोन महिने तो बसमध्ये माझ्या शेजारी बसायचा. आवडीहून पूनमल्लीपर्यंत सिटी बस आणि तिथून कंपनीची. मग पुढच्या सीटांवर स्टाफमध्ये बसायला लागला. कारखान्यात 'काका'चं 'मिस्टर विद्याधर' झालं. मी स्वतःशी म्हटलं, बरोबर आहे, साहेब आहे तो. पण ते मला लागलं, आणि मी ते गोंजारत बसलो. ही माझी जुनी खोड.

मार्च महिन्यात फाइव्ह एस आलं. जपानी पद्धत म्हणे. भिंतीवर एक भला मोठा पिवळा फळा लावायचा, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काढायची, हत्यार त्या आकृतीवरच टांगायचं. हत्यार जागेवर नसलं की रिकामी आकृती लांबून दिसते. कामगाराची स्वतःची पेटी बंद. कापलेलं, वाकवलेलं, घरी बनवलेलं काहीही चालणार नाही. तुटलं आणि कोणाच्या डोळ्यात गेलं तर जबाबदार कोण? प्लांटचे मुख्य राममूर्ती यांनी हे काम विश्वेशकडे दिलं. डोंबलाचं फाइव्ह एस! बावीस वर्षं ज्या हत्यारांवर कारखाना चालला, ती एका दिवसात कचरा झाली.

खरं सांगायचं तर पोरानं मला आदल्या संध्याकाळी येऊन सांगितलं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, की काका, उद्या सगळ्यांच्या पेट्या उघडणार आहोत. तुमच्या कापलेल्या की आजच घरी आणून ठेवायला हव्या होत्या, निदान उद्या सकाळी लवकर काढून घ्या, सगळ्यांसमोर मला त्यांना हात लावायला लावू नका. दुसरा कोणी असता तर त्यानं उपकार मानले असते. मी म्हणालो की हिंमत असेल तर तूच काढ. जयवंतीनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्यानं काढल्या. सगळी शिफ्ट भोवती उभी होती. माझ्याकडे न बघता एकेक की उचलली, तिला लाल कार्ड बांधलं आणि खोक्यात टाकली. तमिळमध्ये म्हणाला की या सुरक्षित नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोकं भंगाराच्या पिंपात रिकामं झालं, त्याचा आवाज अजून कानात आहे. खोक्यात दहाच होत्या. अकरावी माझ्या पँटच्या खिशात होती. पाव इंची, पाट्टीच्या चौथ्या बोल्टाची.

पुढच्या आठवड्यात फळ्यासाठी नवीन हत्यारांची यादी झाली. चहाच्या सुट्टीत विश्वेश कागद घेऊन माझ्याकडे आला. कारखान्यात कितीतरी महिन्यांनी मराठीत बोलला. 'काका, ॲलन कीची यादी आहे. जरा बघता? काही राहिलंय का?'

मी कागद घेतला. अडीचपासून बारापर्यंत, गोल तोंडाच्या, रंगीत, सगळ्या मिलिमीटरमध्ये. पाव इंच नव्हता. इंचातलं काहीच नव्हतं. बाकी सगळ्या प्रेस नव्या, त्या मिलिमीटरमधल्याच. पाट्टी एकटी इंचातली, आणि तिचं पुस्तक अंबत्तूरहून येताना हरवलेलं. त्याला कसं कळणार? ते कळणारा अख्ख्या कारखान्यात मी एकटा होतो; समोरचे तीन बोल्ट आवळायलासुद्धा लोक माझ्याच पेटीतली की मागून न्यायचे, माप न बघता. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर आणि वर मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. सहाची की पाव इंचाच्या खळग्यात जाते, बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की आतल्या आत फिरून सगळे कोन खाऊन टाकते. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. मला वाटलं, जिरू दे याची एकदा.

मी कागद परत दिला. 'साहेब तुम्ही आहात. तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार.'

त्यानं कागद माझ्याच बाकावर टेकवला. मग सही करून निघून गेला.

जून संपत आला होता. शनिवारी राममूर्ती त्याच्या कन्फर्मेशनच्या कागदावर सही करणार होते. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला पाट्टी खटखटायला लागली. आवाजावरूनच मला कळलं की चौथा ढिला झालाय. पूर्वी अशा वेळी लोक मला हाका मारत धावत यायचे. नव्या नियमाप्रमाणे ब्रेकडाऊन आधी इंजिनिअरनं बघायचा. विश्वेशनं फळ्यावरच्या की आणल्या, ओव्हरऑलच्या बाह्या वर केल्या आणि हात आत घातला. मी सात-आठ फुटांवर हाताची घडी घालून उभा होतो.

पोराचा हात चांगला, हे मला कबूल करावं लागेल. पहिल्या झटक्यात खळगा सापडला. आधी सुईनं साफ केला, मीच शिकवलं होतं तसं. आठची गेली नाही. सहाची गेली. गोल तोंड नको म्हणून त्यानं की उलटी करून सरळ, आखूड बाजू घातली, तेही मीच शिकवलेलं. जागा इतकी कमी होती की ती अर्धीच आत बसली. त्याच्या चेहऱ्यावर किंचित शंका आली. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. विचारलं काही नाही, नुसतं बघितलं.

माझा उजवा हात खिशात होता आणि पाव इंची की माझ्या मुठीत होती. दोन पावलं पुढे जायचं, एक शब्द बोलायचा, बस. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

त्यानं जोर लावला. 'कर्र' असा बारीक आवाज आला. मी तो आयुष्यात तीन-चारदाच ऐकला असेन, पण एकदा ऐकलेला विसरत नाही. खळगा गोल झाला होता. आता त्यात काहीच धरणार नव्हतं.

पाट्टी बंद पडली. बिजागऱ्या गेल्या नाहीत म्हणून संध्याकाळी गाडीच्या कंपनीची लाइन थांबली, तिथून माणसं आली, आरडाओरडा झाला. राममूर्ती सगळ्यांसमोर विश्वेशला नको नको ते बोलले. खोटं कशाला, पहिला तासभर मला बरं वाटत होतं. मग ते बरं वाटणं ओसरलं, कारण त्याची जिरवण्यात माझं काय साधलं ते मला सांगता येईना, आणि शनिवार दोन दिवसांवर होता.

शुक्रवारी सकाळी राममूर्तींनी मला बोलावलं आणि विद्याधर अण्णा, तुम्हीच काहीतरी करा, म्हणाले. मी एक जाडी की घेतली, ग्राइंडरवर निमुळती केली, हातोडीनं त्या गोल खळग्यात ठोकून घट्ट बसवली आणि हळूहळू फिरवत बोल्ट बाहेर काढला. अडीच तास लागले. स्टोअरमधून जुन्या मापाचा नवीन बोल्ट शोधला. विश्वेश शेजारी बॅटरी धरून उभा होता. कालपासून घरी गेला नव्हता. मी खिशातून पाव इंची की काढली आणि बोल्ट आवळला. काम झाल्यावर ती पुसत होतो, तेव्हा त्यानं हात पुढे केला. मी का दिली कोण जाणे. त्यानं डोळे मिटले आणि अंगठा आणि दोन बोटं तिच्या कडांवरून फिरवली, लहानपणी चटईवर बसून फिरवायचा तशीच.

'ही सहा नाही, काका,' तो म्हणाला.

मी तळहात पुढे केला. त्यानं की माझ्या तळहातावर ठेवली आणि बॅटरी बंद केली.

शनिवारी चौकशी बसली. राममूर्ती, त्यांच्या शेजारी लिहून घ्यायला एचआरच्या चंद्रिका मॅडम, आणि समोर आम्ही दोघं. त्या वर्षी मला अठ्ठावन्न पूर्ण होत होती. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा माझा अर्ज त्याच टेबलावरच्या फायलीत होता, हे मला ठाऊक होतं आणि विश्वेशलाही. राममूर्तींनी त्याला सरळ विचारलं की ही मशीन इंचातली आहे हे सीनियर फिटरनं तुम्हाला सांगितलं होतं की नाही? नसेल सांगितलं तर ती त्यांची चूक, तसं आपण लिहू.

विश्वेशनं टेबलावरच्या फायलीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा सांगणार. सांगायलाच पाहिजे. खरं सांगतो, त्या क्षणी त्यानं सांगावं असंही मला वाटलं.

'सांगितलं होतं,' विश्वेश तमिळमध्ये म्हणाला. 'मीच ऐकलं नाही.'

राममूर्ती माझ्याकडे वळले. बरोबर आहे का, त्यांनी विचारलं. अजून वेळ गेली नव्हती. नाही म्हटलं असतं तर माझी मुदतवाढ गेली असती, दुसरं काय जाणार होतं? अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस घरी बसतो, त्यात मरत नाही. चंद्रिका मॅडमनी पेन उचलून धरलं होतं.

मी मान डोलावली. त्यांनी लिहून घेतलं.

त्याला पक्कं केलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यानं राजीनामा दिला आणि होसूरला एका लहान वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. नित्याच्या घरच्यांनी आणखी थोडं थांबू म्हणून सांगितलं आणि दिवाळीत तिचं दुसरीकडे ठरवलं. माझी मुदतवाढ झाली. एवढंच नाही, राममूर्तींनी माझ्या पाव इंची कीला फळ्यावर जागा दिली. तिची आखूड आकृती काढली आणि खाली माझं नाव लिहिलं. पाहुणे आले की त्यांना ती दाखवतात, आणि मी बाजूला उभा राहून हसतो.

जयवंतीला मी सगळं सांगितलं. तिनं भांडण केलं नाही, याचीच मला भीती वाटली. ती एवढंच म्हणाली की खाली जाऊन गुंडोरावांना सांगा, आजच सांगा. मी उद्या म्हटलं. असे बरेच उद्या गेले. गोदाबाईंचं शनिवारचं भांडं मात्र चुकलं नाही.

मग एका रविवारी सकाळी गुंडोरावच वर आले. धोतर नेसलेले, कपाळाला गंध, हातात केळ्यांची फणी. इतक्या वर्षांत ते दार वाजवून कधी आले नव्हते, त्या दिवशी वाजवलं. जयवंतीनं कॉफी ठेवली. ते बसले नाहीत. विश्वेशनं फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं, म्हणजे चौकशीत सांगितलं होतं तेच. काकांनी समजावलं होतं, मीच शहाणपणा केला, असं. सत्तरीला आलेला तो माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. त्यांचे डोळे भरले होते.

'विद्याधरराव, लेंकरूं चुकलं. तुमचा शब्द मोडला त्यानं. पोटांत घाला.'

स्वयंपाकघराच्या दारात जयवंती कॉफीचे पेले घेऊन उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी त्यांचे जोडलेले हात हातात घेतले आणि म्हणालो, 'जाऊ द्या हो, गुंडोराव. लहान आहे तो. माझ्या मनात काही नाही.'